चोला बदलताना

पो नदीच्या मैदानात अजून धुकं आहे.
निर्वैर सिंग पहाटे तीनपासून गोठ्यात.
दोनशे दहा गायी,
यंत्राचे पेले आचळांना लावायचे, काढायचे,
पुसायचे, पुन्हा लावायचे.
आज वैशाखी. सण माणसांना असतो,
कासेला नाही.

निघताना मालकीणबाई एक कॅन पुढे सरकवते,
हिशेबात धरत नाही.
सतरा वर्षांत एकदाच विचारलं होतं तिनं, कशाला.
सांगितल्यावर म्हणाली होती, खांबाला?
आणि मग बराच वेळ गप्प.

गुरुद्वारा म्हणजे चीजची जुनी वखार.
निशाणाचा खांब बाकांवर आडवा उतरवलाय.
चोल्याच्या गाठी सोडताना तृप्त कौर म्हणते,
बघा, रस्त्याकडची बाजूच तेवढी विटली.

निर्वैर मागे उभा.
आंघोळ करूनही नखांत शेणाचा वास.
पुढे ये रे, ती म्हणते,
दुधातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?

तो ओततो. थंड लोखंडावरून दूध घरंगळतं
आणि हात आपसूक वळतो,
वरून खाली, अंगठा आत दुमडून,
गावी म्हशीखाली उकिडवं बसून
बापानं शिकवला होता तसा.
इथं यंत्रं आहेत.
धारेचा हात इतकी वर्षं
कुठं होता?

जयकारा होतो, खांब उभा राहतो,
नवं केशरी कापड धुक्यात जरा चाचपडतं.
खाली दुधाच्या थारोळ्यापाशी
शेजारच्या गल्लीतलं मांजर.

चार वाजता पुन्हा गोठा.
तो पंगतीत बसतो,
दोन्ही हात पुढे करून रोटी घेतो,
आणि वाढणारा पुढे गेला तरी
अंगठ्यांकडे बघत राहतो.