काचेवरून

तीन वर्षं मी ईथेलच्या उंचीतून रस्ता बघत होते.
गाडी त्याची, काच त्याच्या मापाची.
भाऊ सहा फूट दोन, मी पाच फूट तीन.
तो कोमोदोरोला तेलाच्या विहिरींवर गेला,
चावी देताना म्हणाला, चालव, मोडली तर मोडली.

रिओ मायोच्या अलीकडे, खडीवर,
मेंढ्यांनी भरलेला ट्रक समोरून आला
आणि सुपारीएवढा एक दगड उडाला.
तडा आधी बोटभर होता.
मग वीतभर.
मग वाऱ्याने वरची अर्धी काच उचलूनच नेली.
पातागोनियातला वारा उसनं मागत नाही.

पुढची वाट मी मान आखडून काढली,
आणि गाडी
कानात वारा शिरलेल्या वासरासारखी
या कडेची त्या कडेला.

सारमिएन्तोत व्हेंटरचं गॅरेज.
भिंतीला सुतळीने टांगलेल्या काचा,
एक धुरकट, बुटकी, नुसती मिरवायची;
एक एवढी उंच, की मागे बसून जेवता यावं.
मी उंचीवर बोट ठेवलं. जुलै होता.
व्हेंटर म्हणाला, आधी गाडीवर बस.
जाकीट घाल, हेल्मेट घाल,
आणि फोटोला बसल्यासारखी नको,
सहावं मेंढवाडं तपासून झाल्यावर बसतेस तशी बस.
मी बसले. खांदे आपोआप पडले.
त्याने टेप लावली, दिव्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत.
इतकीच, म्हणाला.
काचेवरून बघायचं असतं, नेरीस. काचेतून नाही.

आणि मी इतके दिवस ओरखड्यांतून बघत होते.
ऊन कललं की प्रत्येक ओरखडा पेटायचा,
समोरचं पठार जाळीत अडकल्यासारखं दिसायचं.
मला वाटायचं, इथली संध्याकाळच तशी.

मी लोकर पारखते.
मेरिनोचा धागा किती बारीक
ते डोळे मिटून बोटांनी सांगते.
व्हेंटरने दोन तुकडे हातावर ठेवले,
अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट.
बोटं गप्प.
मग त्याने दोन्हींवर हातोडी घातली.
एकाचे चार झाले,
दुसऱ्याला काही झालंच नाही.
त्या दुसऱ्याची किंमत ऐकून
तडकायची पाळी माझी होती.

जुने स्क्रू गंजलेले. तेल सोडून रात्रभर ठेवले.
सकाळी माते पिता पिता एकेक निघाला
आणि व्हेंटरने मला खालची उरलेली काच उजेडात धरून दाखवली:
चारी भोकांभोवती केसासारख्या चिरा.
जीव खाऊन आवळलंय कुणीतरी, म्हणाला.
दगडाचं निमित्त झालं.

मी ईथेलचं नाव घेतलं नाही.
त्याला सगळंच घट्ट लागायचं,
बुटांच्या नाड्या, बरणीची झाकणं,
निरोपाची मिठी.

नव्या भोकांत रबर बसवले, वर नायलॉनच्या चकत्या.
तिरके स्क्रू आधी, बोटांनी,
मग पान्याने पाव फेरा. बास.
माझा हात पुढे सरकला तसा त्याने धरला.
उन्हात फुगते, थंडीत आक्रसते,
तिला हलायला जागा ठेव.
मी खिशातल्या लोकरीच्या पुंजक्याने काच पुसायला गेले
तेव्हा मात्र तो ओरडला. तूप फासतेस का तिला?
पाणी, साबण, जुनी मऊ चड्डी.
पेट्रोल तर वाऱ्यालाही उभं करू नकोस.

मुस्तर्स तळ्याकडे निघाले.
पश्चिमेचा वारा होता तेवढाच होता,
बाजूची गवतं जमिनीला टेकलेली,
पण हेल्मेटवरचं ते सततचं थोपटणं
साठच्या पुढे थांबलं.
काचेची कड खाली, रस्ता वर,
आणि दूर एक ग्वानाको, अगदी स्वच्छ,
इतका की त्याचा एक कान फाटलेला दिसला.

मग त्या शांततेत आला
एक आवाज. इंजिनाच्या डोक्याशी,
टक् टक्, टक् टक्.
पोटात गोळा आला. वळवली गाडी.

व्हेंटर दारातच उभा, हात पुसत.
कान लावून ऐकलं, मान हलवली.
टॅपेट, म्हणाला. आजचा नाही हा.
तीन वर्षं वाजतोय.