दुरुस्तीला आलेली आरती

उद्यमनगरात, माझ्या टेबलावर
आरतीचं यंत्र उघडं पडलंय.
एक नगारा, दोन टिपऱ्या, तीन घंटा,
मोटर जळालेली.
सोबत चिठ्ठी, अण्णांच्या हातची :
'देवळातलं आहे. घाई नाही.'

घाई नाही.
हे अण्णा लिहितात,
ज्यांनी तापातसुद्धा नैवेद्याला उशीर केला नाही.

झांजेसाठी पोरं भांडायची आमच्या गल्लीत.
मग एकेक शिरोलीला लागला,
कुणी गोकुळ शिरगावला.
देवाशी कुणाचं वाकडं नव्हतं.
साडेसातची आरती, सातची पाळी,
एवढंच झालं.
मग वर्गणी काढून हे घेतलं.
यादीत पहिलं नाव माझं.

तांब्याची तार नवी भरली,
बटण दाबलं,
आणि सगळ्या लेथच्या वर
घणघणाट उठला.
महिपती सुताराचा हात
ग्रीससकट छातीशी गेला,
एक पाय चपलेतून निघाला सुद्धा.
मग त्यानं माझ्याकडं बघितलं
आणि हात कॉटन वेस्टला पुसला.

'चालतंय की,' म्हणाला.

चालतंय.
तरी दोन मिनिटं बंद केलं नाही मी,
बेअरिंग तापतंय का
बघायला.