दोन नंबरची मशीन

एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी
मला कॅम्पाच्या मागच्या गेटवर उतरावं लागायचं.
सायकल तिथेच, चिंचेखाली.
वस्तरा बाहेर. कात्री बाहेर.
तुरटीचा खडासुद्धा सुभेदार हातात फिरवून बघायचा
आणि टेबलावर ठेवून घ्यायचा.
आत फक्त मशीन, दोन नंबर लावून.
बोलायचं नाही. नाव विचारायचं नाही.
माझंही नाव वहीत नव्हतं,
'न्हावी, एक' एवढंच.

डोकी यायची.
चाळीस, कधी त्रेचाळीस. एकदा अडतीसच होती.
पाच कुठे गेली
हे मशीनला विचारता येत नाही.

देवळालीत माणूस तोफेला दचकत नाही.
रेंजवर सराव सुरू झाला की
आम्ही हाताने कपबशी धरतो
आणि बोलणं पुढे चालू.
विहितगावातून मिलिटरीने पहिला नेला तेव्हा कपबशी धरली.
जेलरोडचा नेला तेव्हाही.
पुढे पुढे हात आपोआप जायचा.

त्या दिवशी सहाव्या डोक्यावर हात ठेवला
आणि बोटांनी ओळखलं.
दोन भोवरे, एक डावीकडे सरकलेला.
वीस वर्षं लाम रोडच्या माझ्या दुकानात
पगार झाला की येणारा निवृत्ती खैरनार.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्टची पानं मोजायचा.
म्हणायचा, एक पान कमी भरलं ना दत्तू,
तर अख्ख्या शिफ्टला घरी सोडत नाहीत.
त्याने मान वर केली नाही.
मी मशीन कानामागे
गरजेपेक्षा थोडी जास्त फिरवली.
एवढंच बोललो आम्ही.

कोर्टात सरकारी वकील म्हणाला म्हणे,
ही अटक नाहीच,
मग सुटकेची तारीख कसली मागता.

माझा बाप रामकुंडावर बसायचा.
गोदेच्या पायरीवर मी हात बसवला,
आई गेलेल्यांच्या डोक्यांवर, बाप गेलेल्यांच्या.
डोकं तापलेलं असतं त्यांचं, बाप सांगायचा,
पाणी जास्त लाव.
पण त्यांच्याकडे मोजायला काही असायचं.
दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध,
आणि काहीच ठाऊक नसेल त्याच्यासाठी सर्वपित्री.
मेलेल्याला तिथी असते.
या चाळिसांना काय होतं?

बुधवारी चंद्रकलाबाई यायच्या, त्याची बायको.
त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही.
मी नव्हतं सांगितलं.
नातवाला पाटावर बसवायच्या, केस कापा म्हणायच्या.
पंधरा दिवसांत पोराचे केस ते किती वाढणार,
तरी मी कापायचो.
आरशातून त्या माझे हात बघायच्या.

एका बुधवारी मी पोराला म्हणालो,
जरा मोठ्याने, जणू त्याच्याशीच,
"आजोबांसारखे दोन भोवरे आहेत रे तुला.
त्यांचे आता कानामागे सगळे पांढरे झाले.
डावीकडे एक खोक आहे,
पण भरत आलीये."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.
रेंजही गप्प होती.
बाईंनी सुटे पैसे मोजून फळीवर ठेवले,
मग विचारलं,
"भरत आलीये म्हणजे किती दिवसांची?"
"दहा. फार तर बारा."
पोराचा हात धरून त्या निघाल्या
आणि रस्ता ओलांडेपर्यंत
दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरत होता त्यांचा.
तेवढी एक तारीख मिळाली त्यांना.
जखमेची का होईना.

त्यानंतरच्या मंगळवारी
सुभेदाराने मशीन हातात घेतली, परत दिली नाही.
नवी वही उघडली.
दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला पूर्ण नाव विचारलं.
दत्तात्रय काशिनाथ बिडवे, मी म्हणालो.
त्याने सावकाश लिहिलं, वेलांट्या नीट देत.
पुढचा रकाना आल्याची तारीख.
त्याच्या पुढचा कोराच ठेवून
त्याने पान उलटलं.

सायकलला मी कुलूप लावलं नव्हतं.
तासाभराचं तर काम असायचं.