तेरावी किल्ली

नोटीस बोर्डाच्या काचेआड माझं नाव चौथं होतं.
काचेवर, नावांच्या अंगावर, फाल्गुनीचा चेहरा,
ती मागे उभी होती म्हणून पडलेला,
साधारण सातव्या-आठव्या ओळीत.
यादीत ती तेवढीच आली.

पाव टक्का कमी.
"चालशे," म्हणाली,
आणि पाठीवर थाप दिली ती इतकी हलकी
की जशी मीच काचेची.

आम्हा बाराजणांना भाटवडेकर सर तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले.
"तुम्ही निवडलेले आहात. ऑनर्स."
दांडिया बाजारातल्या आमच्या घरी निवडतात ते तांदूळ,
आणि निवडताना बोटांत येतो तो खडा.
हे मी सरांना सांगितलं नाही.
रजिस्टरात सही केली, किल्ली घेतली,
पितळेची, चार आकडा ठोकलेली.

खोटं कशाला बोलू, खोली छान होती.
गार हवा, बारा खुर्च्या, खिडकीतून घुमट,
आणि अवघड काही विचारलं
तर "मलाही माहीत नाही, शोधू" म्हणणारे सर.
खाली दोनशे मुलं फळ्यावरचं उतरवून घेत होती.
माझं बोलणं इथे पहिल्यांदा कुणी शेवटपर्यंत ऐकलं.
शनिवारीसुद्धा यावंसं वाटायचं.

खाली तिसऱ्या बाकावर फाल्गुनी अजून दप्तर ठेवून
माझी जागा धरायची, सवयीनं.
मग एक दिवस दप्तर तिच्या पायाशी गेलं.

माझा प्रकल्प विश्वामित्रीच्या पाण्याचा.
दर सोमवारी सकाळी दहाला पुलाखालून बाटल्या भरायच्या,
समोर चिखलात मगर, ओंडक्यासारखी,
आणि आकडे इतके शहाणे
की सरांच्या कपाळावर आठी.
फाल्गुनीचं घर नदीच्या अंगाला,
वाळत घातलेली चादर उडाली तर पाण्यातच जायची.
ती म्हणाली, "सोमवारी सकाळी नदी आंघोळ करून बसलेली असते.
गुरुवारी रात्री ये. आम्ही खिडक्या लावून घेतो तेव्हा."

गेले.
तिच्या भावाचा टॉर्च, दोरीला बांधलेली बाटली, नाकाला ओढणी.
वास नंतर आला, आधी घशात चव आली.
अकरा नमुने, रातोरात तपासायचे,
चार हात हवेत,
आणि तिसऱ्या मजल्याचं दार फक्त बाराजणांचं.

म्हणून पुढच्या गुरुवारच्या आत
लहेरीपुरा दरवाज्यापाशी इस्माईलभाई,
छत्रीखाली, कानस घेऊन.

प्रबंधाच्या फॉर्मवर नावासाठी एकच चौकट होती.
आभारात ती आली,
रणछोडभाई शिपायांच्या नंतर, टायपिस्टच्या आधी.
तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं,
"गुरुवारच का?"
"निरीक्षणातून," मी म्हणाले.
कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.
त्या उत्तरावर मला पदक आहे.

आता यादी मी लावते.
पाव टक्का कुठे तुटतो ते मी ठरवते,
म्हणजे संगणक ठरवतो, सही माझी.
जूनमध्ये काच सरकवून कुलूप घातलं
की उगाच घोटाळते तिथे थोडा वेळ.
मुलं येतात, बोट फिरवत नावं शोधतात.
मी नावं बघत नाही.

फाल्गुनी आणंदला असते, शाळेत रसायन शिकवते,
दिवाळीला फोन, मुलांची चौकशी, नदीची नाही.
किल्ली परत दे असं मी म्हणाले नाही, तिनंही दिली नाही.
ते कुलूप केव्हाच गेलं,
हल्ली कार्ड टेकवलं की दार हिरवं होतं.

इस्माईलभाईंनी विचारलं नव्हतं, कशाची, कुणासाठी.
आठ रुपये घेतले.
दोन्ही किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या,
फुंकर मारून पितळेचा भुगा उडवला, म्हणाले,
"नवी आहे, आधी अडेल.
जोर नका लावू. फिरवत राहा."