पाच-आणि-तीन

जाताना त्यांनी पियानो नेला,
दारांच्या मुठी उपसून नेल्या,
आणि निघायच्या आदल्या रात्री
लिफ्टच्या विहिरीत सिमेंट ओतलं.
बाबांनी चौदा घमेली मोजली,
मग मोजायचं सोडलं.
कालवणारे हात आमच्याच वस्तीतले,
रोजावर आलेले.

जेरेमियास न्हांतुंबो, लिफ्टमन, एकोणीस वर्षं.
पितळी बटणांचा कोट, बोटांना पॉलिशचा वास.
लोरेन्सू मार्किशमध्ये इतकं वर कोणी चढलं नसेल,
सगळे मजले एकावर एक रचले
तर ढगांच्याही पलीकडे.
पण आठव्यावर दार धरून उभं राहायचं,
पाऊल बाहेर टाकायचं नाही.
स्वतःची ये-जा मागच्या लोखंडी जिन्याने,
कचऱ्याच्या डब्यांसोबत.

जूनमधल्या त्या मध्यरात्री
वेताच्या भिंतींना टेकून
अख्खी गल्ली एका रेडिओभोवती.
नवा झेंडा वर जातोय, निवेदक म्हणाला.
बायकांनी जिभा फिरवून आरोळ्या दिल्या,
मामा रडला, कोणीतरी कोंबडं सोडून दिलं.
बाबा तेवढे पुटपुटले,
दोरी मध्येच अडणार नाही ना?

पुढच्या वर्षी इमारती सरकारजमा झाल्या
आणि आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आठव्यावर.
आईने उखळ डोक्यावर घेतलं,
प्रत्येक वळणावर थांबली,
म्हणाली, आलं बाई स्वातंत्र्य,
पण पायी आलं.

पाणी चौथ्यापर्यंतच चढायचं.
गॅलरीत मका कांडला की
खालचे शेजारी छताला झाडू ठोकायचे.
तरी संध्याकाळी तिथून समुद्र दिसे.
इतकी वर्षं तो तिथेच होता,
आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा जिना चढताना आकडे म्हणत.
आधी पोर्तुगीजमध्ये, सवयीने,
साहेबांना मजला सांगावा तसे.
गुडघे गेल्यावर रोंगामध्ये:
पाच. इथे टेकायचं.
मग पाच-आणि-एक,
पाच-आणि-दोन.
आमच्या भाषेत सहाला वेगळा शब्द नाही,
हाताची बोटं संपली की
पुन्हा त्याच हातापासून सुरुवात.

लिफ्टचं दार अजून आहे, तळमजल्यावर,
बटण दाबलं तर दबतंही.
परवा माझ्या धाकट्याने विचारलं,
आजोबा, आत काय आहे?
ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले.
म्हणाले,
माझं स्टूल.