रात्री बारापर्यंतचा पास

पहाटे पाच चाळीसला, तोंडही धुतलं नव्हतं,
मोबाईल म्हणाला : सुप्रभात, भागीदार.
आजपासून कमिशन शून्य.
फक्त रोजचा पास, रुपये एकोणसत्तर,
रात्री बारापर्यंत चालेल.
मधे हिरवं बटण, खाली बारीक अक्षरं.
मी हिरवं दाबलं.
बारीक वाचायला चष्मा लागतो
आणि चष्मा रिक्षात होता.

कावळा नाक्यावर इलाही आधीच उभा.
रिक्षा पुसून लख्ख, आरशाला मोगऱ्याचा गजरा.
दोन वर्षांमागं सजवलेल्या रिक्षांत
दुसरा नंबर काढलेला माणूस, त्याचा तोरा वेगळाच.
"भावा, आता समदं भाडं आपलं.
पंचवीस टक्के गेले खड्ड्यात."
खूश होता. खोटं कशाला बोलू, मीही होतो.
उजळाईवाडीला विमानतळाचं एक भाडं मारलं,
एकशे बासष्ट आले, एकशे बासष्टच राहिले.
परत येताना मोकळी गाडी
उगीचच हलकी वाटत होती.

सर्जेराव मात्र चहाच्या बशीत बघत बसलेला.
"आधी चोर आपल्या ताटात जेवायचा," म्हणाला,
"आता जेवायच्या आधीच ताटाचं भाडं घेतोय."
आम्ही हसलो.
मग थोडा वेळ कुणीच बशी उचलली नाही.

दुपारी शाहूपुरीत सावली बघून थांबलो.
दोन तास.
नकाशात एक बाण, बाण म्हणजे मी.
बाण हलेना.
आधी अशा वेळी वाटायचं, दोघंही उपाशी,
कंपनी आणि आपण.
आता ती पहाटेच जेवून झोपलेली.

मग एक बाई, राजारामपुरी आठवी गल्ली ते सीपीआर.
मांडीवर डबा, डब्याला फडकं बांधलेलं.
"यातले तुम्हाला किती पडतात हो?"
"सगळे," म्हणालो.
"बरं झालं बाई," ती अगदी मनापासून.
आणि मला राग आला.
तिचा नाही.
त्या "सगळे"चा.

घरी सानिकानं वहीत माझा दिवस मांडला.
सातवीला आहे, उभी रेघ पट्टीनंच मारते.
"बाबा, शून्याचे पंचवीस टक्के शून्यच.
धंदा नाही झाला तर कुणी काय मागत नव्हतं.
ही वजाबाकी आहे.
शून्यातनं एकोणसत्तर घालवायचे
तर खाली उतरावं लागतं."
संख्यारेषेवर तिचं बोट डावीकडं सरकत गेलं,
पानाच्या कडेपर्यंत.
म्हटलं, बरं नसंल त्या दिवशी पासच काढणार नाही.
"आणि पास काढल्यावर ताप आला तर?"
तव्यावरची भाकरी उलटता उलटता
तिची आई म्हणाली, "हिला पुढं शिकवायची."
कुणाला सांगत होती, कळलं नाही.

जेवून आडवा होणार, तर पास अजून तासभर जिवंत.
पैसे भरलेला तास
असा कुशीवर झोपून कसा घालवायचा?
निघालो.
गंगावेशीत दुधाचा कट्टा धुऊन काढलेला,
एक म्हैस तेवढी उभी, कुणाची वाट बघत कोण जाणे.
रंकाळ्याच्या कडेनं सावकाश गेलो,
पेट्रोल नको जळायला.
संध्यामठाच्या अलीकडं सर्जेराव.
त्याच्या मागं इलाही.
मी त्याच्या मागं लावली.
काय रे इथं, असं कुणीच कुणाला विचारलं नाही.
आरशातला गजरा तपकिरी पडलेला.
सकाळचं ते पंचवीस टक्क्यांचं
इलाही पुन्हा बोलला नाही.

अकरा बावन्नला घंटी वाजली,
तिघांच्या मोबाईलवर एकदम.
एक पूर्णांक दोन किलोमीटर. एकतीस रुपये.
पंधरा सेकंद. चौदा.
सर्जेराव पाण्याकडं बघत म्हणाला,
"इलाही, घे तू. तुझा पास अजून फिटला न्हाई."
नको नको, म्हणून इलाहीनं मान हलवली
आणि अंगठा ठेवला.