कूलरकडची बाजू

मे महिन्यात नंदनवनला
माती ऐकत नाही.
वळीवर वळी चढवेस्तोवर
खालची, कूलरकडची, पांढुरकी पडते.
फडकं ओलं करा, पुन्हा ओलं करा.

चाक आहे माझ्याकडे, कोपऱ्यात.
त्यावर सध्या डबे ठेवते.

दुपारी पांढऱ्या लेपावर
सायकलच्या स्पोकनं रेघा कोरत
पोटापाशी आले,
तर तिथे अंगठा. यादोरावचा.
काल उचलताना उमटलेला.
"घासून देऊ काय, मॅडम?"

त्याच्या बापाची भट्टी पारडीला होती,
उन्हाळाभर रांजण जायचे इतवारीत.
हा माझ्याकडे माती मळतो, महिन्यावर.

"राहू दे," म्हटलं.
रेघ अंगठ्यापाशी थबकली,
वळसा घालून पुढे गेली.
लेप तोवर वाळला होता, एक टवका उडाला.

बुडाशी सही मात्र माझीच.